पट्टीच्या मागची दोन नावं

प्रश्न : माझं वय ३७. अमळनेर तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. फेब्रुवारीत मोटारसायकलवर धुळ्याला जाताना रस्त्यातच छातीत धडधड सुरू झाली, हातपाय गार पडले, वाटलं अटॅकच आला. मग आठवड्यातून दोन-तीनदा तसंच. आई म्हणायची, ‘याना जीव घाबरस, नजर लागनी व्हई.’ ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, शुगर सगळं नॉर्मल आलं. डॉक्टरांनी ‘पॅनिक’ आहे असं सांगून रोज रात्री एक गोळी दिली. पहिल्याच रात्री छान झोप लागली. पण पहिले दहा दिवस सकाळी मळमळ असायची आणि घाम तर अजून येतो. आता झटके जवळजवळ थांबलेत. मध्ये लग्नाच्या गडबडीत चार दिवस गोळी राहिली, तर मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं. नंतर एकदा मेडिकलवाल्याने ‘तीच आहे, साधी’ म्हणून दुसरी पट्टी दिली. आठ दिवस घेतली, पण रात्र रात्र झोप नाही आणि हात थरथरत. ती गोळी बनावट असणार. दुसऱ्या दुकानातून पहिलीच आणली तेव्हा बरं वाटलं. मोबाइलवर शोधलं तर ही डिप्रेशनची गोळी निघाली. मला डिप्रेशन नाही, मग मला का दिली? सवय लागेल का? आणखी एक, लिहायला संकोच वाटतो, पण संबंधाच्या वेळी खूप वेळ लागतो, कधी होतच नाही. हे कायमचं झालंय का? गोळी बंद करू का?

ता. क. : ती साधी पट्टी वाया जाऊ नये म्हणून आईला रोज अर्धी देतो, तिला झोप येत नाही. तीन आठवडे झाले. ती ६८ वर्षांची आहे. बीपीची गोळी चालू आहे, गुडघ्यांसाठी अधूनमधून पेनकिलर घेते. हल्ली चालताना तोल जातो, दोन दिवसांपासून नावं विसरते. उन्हाने असेल.

उत्तर : भाऊ, पत्रातली सगळ्यांत तातडीची गोष्ट तुम्ही ता. क.मध्ये टाकलीत. तुमचं नंतर पाहू. आधी आईचं.

आज रात्रीची अर्धी गोळी आईला देऊ नका. हे वाचेपर्यंत दवाखान्यात गेला नसाल तर आजच जा आणि रक्तातलं सोडियम तपासून घ्या. ही साधी, सगळीकडे होणारी तपासणी आहे. सोडियम १३५ ते १४५ च्या दरम्यान असायला हवं. तुम्ही देत होता ती गोळी म्हणजे बहुधा एस्सिटालोप्राम, कशावरून ते पुढे तुमच्या पट्टीच्या गोष्टीत सांगतो. या गटातल्या औषधांमुळे काही जणांच्या शरीरात पाणी साठून राहतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. हा धोका म्हातारपणी जास्त, बायकांना जास्त, आणि गोळी सुरू केल्यापासून पहिल्या महिन्याभरात सर्वांत जास्त. तोल जाणं, डोकं दुखणं, गळून जाणं, बोलताना गडबडणं ही त्याचीच लक्षणं. तीन आठवडे आणि ६८ वर्षं, हिशेब नको तितका जुळतो. उन्हाचा त्रासही असू शकतो, लघवीचा जंतुसंसर्ग असू शकतो, हलका पक्षाघातही असू शकतो. घरी बसून यातलं कोणतं ते ओळखता येत नाही. आईला फिट आली, हाका मारूनही ती नीट जागी होत नसेल, उलट्या थांबत नसतील, तोंड वाकडं झालं असेल किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा वाटत असेल, तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

निघताना बीपीच्या गोळीची पट्टी उलटी करून बघा. टेल्मिसार्टन किंवा तसलंच नाव असेल आणि त्याच्यापुढे हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असं दुसरं नाव छापलेलं असेल, तर ती लघवी वाढवणारी गोळी आहे आणि तीही सोडियम खाली आणते. म्हणजे दोन्हीकडून ओढ. ती मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टर ठरवतील. आणि ‘उन्हाळा आहे, पाणी पी, पाणी पी’ म्हणून तांब्यावर तांब्या पाजू नका. सोडियम गोळीमुळे उतरलं असेल तर नुसत्या पाण्याने ते आणखी पातळ होतं. तहानेपुरतं प्यायला द्या, बाकी रिपोर्ट आल्यावर.

आणखी एक गोष्ट विचारायची आहे ती शौचाच्या रंगाची. पेनकिलर (डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन) जठराचं आवरण सोलतात. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स या पेशींना एकमेकींना चिकटायला सेरोटोनिन हे रसायन लागतं, एस्सिटालोप्राम त्यांच्यातलं ते कमी करतं. दोन्ही एकत्र आले की पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. शौच डांबरासारखी काळी आणि चिकट होत असेल तर तेही लगेच सांगा. गुडघ्यांसाठी तूर्तास पॅरासिटामॉल बरं.

डॉक्टरांना ‘तीन आठवडे रोज अर्धी दिली’ हे स्पष्ट सांगा. रागावतील म्हणून लपवलं तर ते तोल जाण्याचं कारण मानेत आणि कानात शोधत बसतील. आईच्या झोपेचा प्रश्न खरा असेलही, पण त्याचं औषध तिच्या वयाकडे, बीपीकडे आणि मूत्रपिंडाकडे बघून ठरेल. शेजारच्या शेतातली फवारणी बघून आपल्या पिकाला तीच मारायची नाही, हे दिवसातून दहा गिऱ्हाइकांना तुम्हीच सांगत असाल.

आता तुमचं.

तुमच्या पत्रातल्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर पट्टीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं आहे. पहिली पट्टी घ्या, उजेडात धरा. कंपनीचं मोठं नाव सोडा, त्याखालची ओळ वाचा. तिथे बहुधा दोन नावं असतील : एस्सिटालोप्राम १० मिग्रॅ आणि क्लोनाझेपाम ०.५ मिग्रॅ. ‘साधी’ म्हणून मिळालेल्या पट्टीवर फक्त पहिलं. मेडिकलवाल्याने बनावट गोळी दिली नाही, पण ‘तीच आहे’ हेही खरं नव्हतं. एका गोळीत बसवलेली ही दोन औषधं स्वभावाने अगदी वेगळी आहेत, आणि तुम्हाला आतापर्यंत जे जे झालं ते कुणामुळे हे वेगळं केलं की कोडं सुटतं.

पहिल्याच रात्री लागलेली झोप क्लोनाझेपामची. ते तासाभरात काम करतं, मेंदूला शांत करतं, गुंगी आणतं. एस्सिटालोप्रामला घाई नाही. रोज घेतल्यावर रक्तातली त्याची पातळी स्थिर व्हायलाच आठवडा लागतो, घबराटीवर असर दिसायला दोन ते चार आठवडे आणि पॅनिकमध्ये पुरता गुण यायला तीन महिन्यांपर्यंत लागतात. म्हणून सुरुवातीला दोन्ही एकत्र देतात : मोठं औषध लागू होईपर्यंत छोट्याने वेळ मारून न्यायची. हेतू चांगला, पण दोन-चार आठवड्यांनी छोटं काढून घ्यायचं राहून जातं आणि पेशंट तीच पट्टी महिनोन्महिने आणत राहतो. तुमचंही तेच झालेलं दिसतं. झटके थांबले ते एस्सिटालोप्राममुळे, पण श्रेय मनात क्लोनाझेपामला गेलं, कारण त्याचा असर रात्रीच्या रात्री कळतो.

साध्या गोळीवर आठ दिवस झोप उडाली, हात थरथरले, ते अडीच-तीन महिने रोज मिळणारं क्लोनाझेपाम एका दिवसात तुटल्यामुळे. सवय लागते ती याची. पत्रातल्या ‘सवय लागेल का’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून असं दोन तुकड्यांत द्यावं लागतं : एस्सिटालोप्रामची तलफ येत नाही, आणि तोच असर टिकवायला डोस वाढवत न्यावा लागत नाही. क्लोनाझेपामच्या बाबतीत दोन्ही होऊ शकतं. ते एकदम तोडलं तर काही जणांना फिटसुद्धा येते, म्हणून तेही पायरीपायरीनेच काढतात. या जोडगोळीची अडचण इथेच आहे. दोन्ही औषधं एकाच गोळीत, त्यामुळे एक कमी करायचं तर दुसरंही कमी होतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा : ‘ही दोन्ही वेगवेगळ्या गोळ्यांत लिहून द्याल का, म्हणजे क्लोनाझेपाम आधी उतरवता येईल?’ वेगळी केली की एस्सिटालोप्राम १० तसंच ठेवून क्लोनाझेपाम दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं, म्हणजे ०.५ वरून ०.२५, मग त्याहून कमी, असं उतरवता येतं. नेमकं वेळापत्रक डॉक्टर तुमची झोप पाहून लिहितील. जोडगोळी चालू आहे तोवर दारूचा थेंब नको. क्लोनाझेपाम आणि दारू दोन्ही श्वास मंदावतात. पहाटे मोटारसायकल काढायची असेल तर गुंगी पूर्ण उतरली आहे का ते आधी बघा.

लग्नातल्या चार दिवसांचा ‘करंट’ मात्र एस्सिटालोप्रामचा. मान वळवली, डोळे फिरवले की डोक्यात चर्रकन वीज गेल्यासारखं होणं ही या गटातली औषधं तुटल्याची खूणच आहे. एस्सिटालोप्रामची रक्तातली मात्रा निम्मी व्हायला साधारण ३० तास लागतात. म्हणजे दोन-तीन दिवसांत ती तळाला जाते आणि तेव्हाच हे सुरू होतं. सोबत चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, मळमळ. मेंदूला इजा वगैरे काही झालेली नाही. मेंदू एका पातळीला रुळला होता, ती पातळी एकदम खाली गेली, इतकंच.

आता ‘डिप्रेशनची गोळी मला का?’ हा प्रश्न. औषधांच्या गटाला पहिल्या कामाचं नाव चिकटतं आणि पुढे तेच राहतं. एस्सिटालोप्रामला अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली ती नैराश्यासाठी. पुढच्याच वर्षी सततच्या चिंतेच्या विकारासाठीही मिळाली. २००९ मध्ये १२ ते १७ वयाच्या मुलांच्या नैराश्यासाठी आणि २०२३ मध्ये सात वर्षांपुढच्या मुलांच्या चिंताविकारासाठी तिचा विस्तार झाला. युरोपातली यादी आणखी लांब आहे : नैराश्य, पॅनिक, चारचौघांत वावरण्याची भीती, सततची चिंता आणि मंत्रचळ, म्हणजे हात धुणं किंवा कुलूप तपासणं थांबतच नाही तो ओसीडी. तुमचा आजार या यादीत नावानिशी आहे. मेंदूतल्या भीतीच्या यंत्रणेत सेरोटोनिनचं काम मोठं आहे आणि ही गोळी पेशींच्या मधल्या जागेत ते जास्त वेळ टिकवते, एवढाच या सगळ्यांतला समान धागा. डॉक्टर कधी कधी यादीबाहेरही ती देतात, उदाहरणार्थ पाळी जाताना अंगातून वाफा निघतात त्यावर, किंवा शीघ्रपतनावर. त्यामुळे नुसती पट्टी पाहून कुणाला कोणता आजार आहे ते ओळखता येत नाही. पट्टी पाहून कुजबुजणाऱ्या पाहुण्यांनाही हे सांगायला हरकत नाही.

शीघ्रपतनावर चालते म्हटल्यावर तुमच्या संकोचाच्या प्रश्नाचं कारण लक्षात आलं असेल. वीर्यपतन लांबवणं हा या औषधाचा ठरलेला परिणाम आहे. एखाद्याला तो औषध वाटतो, तुम्हाला त्रास झाला. नैराश्यावरच्या चाचण्यांत गोळी घेणाऱ्या पुरुषांपैकी ९ टक्क्यांनी ही तक्रार सांगितली. बनावट, म्हणजे औषधाचा अंश नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होतं. प्रत्यक्षात प्रमाण ९ हून बरंच जास्त असणार, कारण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. बायकांनाही होतं : इच्छा कमी होणं, तृप्तीला न पोहोचणं. तुम्ही लिहिलंत ते चांगलं केलंत. डॉक्टरांना मात्र बहुतेक सांगितलं नसेल.

कायमचं आहे का? बहुतेकांचं डोस कमी झाल्यावर किंवा गोळी बंद झाल्यावर पूर्वीसारखं होतं. क्वचित कुणाचं गोळी थांबल्यावरही रेंगाळतं, हे युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१९ मध्ये माहितीपत्रकात घालायला लावलं आहे, म्हणून तेही सांगून ठेवतो. मळमळ जशी आपोआप जाते तसा हा त्रास जात नाही, त्यामुळे नुसती वाट बघत बसण्यात फार अर्थ नाही. पर्याय आहेत. आधीपासून थोडा त्रास होता का हे डॉक्टर विचारतील. खरं उत्तर द्या, कारण शुगर, दारू, तंबाखू आणि खुद्द घबराट यांनीही हेच होतं. तब्येत काही महिने स्थिर असेल तर डोस कमी करून बघता येतो. नाही जमलं तर मिर्टाझापिनसारख्या, हा त्रास कमी करणाऱ्या औषधावर बदलता येतं. ताठरतेची अडचण असेल तर सिल्डेनाफिल जोडतात. पण ती ‘ताकदीची गोळी’ काउंटरवरून परस्पर घेऊ नका. हृदयासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याचा बीपी तिच्यामुळे धोकादायकरीत्या कोसळतो. काही जण शनिवार-रविवार गोळी चुकवायची युक्ती सांगतात. एस्सिटालोप्रामला ती लावली तर सोमवारी दुकानात करंट खात बसाल. आणि बायकोला सांगा की हे गोळीमुळे आहे. नाहीतर ती भलतंच काही समजून बसायची.

बाकीचे दुष्परिणाम आठवड्यांच्या हिशेबाने पाहिले की भीती कमी होते. मळमळ पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांची, चाचण्यांत साधारण १५ टक्क्यांना झाली (बनावट गोळीवरही ७ टक्क्यांना). जेवणानंतर गोळी घेतली की बरीच आवरते. रिकाम्या पोटी की भरल्या पोटी याने औषधाच्या असरात फरक पडत नाही, त्यामुळे रात्री कळण्याची भाकरी पोटात गेल्यावर घ्यायला काहीच अडचण नाही. कुणाला झोप जास्त येते, कुणाची उडते. उडत असेल आणि गोळीत क्लोनाझेपाम नसेल तर ती सकाळी घ्यायची. पॅनिकच्या पेशंटना पहिले काही दिवस घबराट उलट वाढल्यासारखी वाटते. म्हणून सुरुवात ५ मिग्रॅने करून आठवड्याने १० वर नेतात. तुम्हाला थेट १० दिली असेल तर क्लोनाझेपामने ते झाकलं गेलं असावं.

घाम मात्र टिकाऊ आहे. मळमळ गेली तरी तो महिनोन्महिने राहू शकतो आणि खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा कळतही नाही की गोळीचा किती आणि उन्हाचा किती. ओळखायची खूण : मानेवर, डोक्यात आणि रात्री पंख्याखालीही येत असेल तर बहुधा गोळीचा. दुपारी पत्र्याच्या गोदामात खतांच्या गोण्या उतरवून घ्यायचं काम जमेल तेवढं सकाळी घ्या, सुती बनियन, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. तुमच्या वयात सोडियमची भीती आईइतकी नाही, पण सतत डोकं दुखून गोंधळल्यासारखं झालं तर तीच तपासणी तुमचीही. वजन काही महिन्यांत दोन-तीन किलो वाढू शकतं, महिन्यातून एकदा काट्यावर उभे राहा. तोलकाटा दुकानातच आहे.

तुमच्या दुकानात औषध सांगताना १५ लिटरच्या पंपाला किती मिली हे तुम्ही विचारून घेता, आणि त्यात दुसरं काय मिसळलंय तेही. इथेही गोळीपेक्षा मिसळण्यातच जास्त बिघडतं. आधी अ‍ॅसिडिटीची गोळी, कारण ती मोजून कुणी घेत नाही. ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल यकृतात एस्सिटालोप्रामची वाट अडवतं आणि रक्तातली त्याची मात्रा निम्म्याने वाढवतं, म्हणजे १० ची गोळी १५ सारखी वागते. पॅन्टोप्राझोल त्या मानाने बरं, पण पट्टीवर शेवटी ‘डी’ असेल तर त्यात डॉम्पेरिडोन आलं. ते आणि एस्सिटालोप्राम दोन्ही ईसीजीतलं ‘क्यूटी’ अंतर लांबवतात, आणि ते फार लांबलं तर हृदयाचा ठोका चुकतो. अ‍ॅझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मलेरियावरचं क्लोरोक्विन हीही त्याच माळेतली. म्हणूनच ६५ वर्षांपुढच्यांना एस्सिटालोप्राम दिवसाला १० मिग्रॅच्या वर देत नाहीत. तुमचा फेब्रुवारीचा ईसीजी नॉर्मल आहे, तो कागद जपा, पुढे तुलनेला लागेल.

दुसरं ट्रॅमाडॉल. कंबरदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत ते पॅरासिटामॉलच्या जोडीला असतं. त्यानेही सेरोटोनिन वाढतं आणि फिट येण्याचा धोकाही असतो. तिसरं, कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन. चौथं लिनेझोलिड, औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत दिलं जाणारं. घरात कुणाचा टीबीचा कोर्स चालू असला तरी त्याच्या गोळ्यांना हात लावायचा नाही. सेरोटोनिन फार वाढलं तर बहुधा पहिल्या २४ तासांतच खुणा दिसतात : अंग थरथरणं, पायाचे स्नायू उडणं, ताप, जुलाब, दरदरून घाम, कमालीची बेचैनी. असं झालं तर गोळी थांबवून सरळ दवाखाना गाठायचा, घरी काढे पाजत बसायचं नाही. सर्दी झाली तरी मेडिकलवर आधी सांगा, ‘एस्सिटालोप्राम चालू आहे.’ आणि हे नाव तोंडपाठ करा. इसोमेप्राझोल कानाला त्याच्यासारखंच लागतं. सिटालोप्राम तर त्याचाच मोठा भाऊ आहे, पण एस्सिटालोप्राम १० म्हणजे सिटालोप्राम साधारण २० असा हिशेब आहे, एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

दोन धोके दुर्मीळ आहेत, पण माहीत हवेत. अचानक झोपेची गरजच उरली नाही, पैसे उधळावेसे वाटले, बोलणं थांबेना, तर ते ‘बरं वाटणं’ नाही. उन्मादाकडे झुकणं आहे. घरात कुणाला असा आजार होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायचं. आणि माहितीपत्रकातली आत्महत्येच्या विचारांची ठळक चौकट. ती २५ वर्षांखालच्यांसाठी आहे, पहिल्या काही आठवड्यांत आणि डोस बदलताना जास्त. तुमचं वय त्यात बसत नाही, पण तुमच्या दुकानातच कीटकनाशकांचं कपाट आहे. घबराटीच्या दिवसांत त्याची किल्ली दुसऱ्या कुणाकडे ठेवा. हा सल्ला प्रत्येक कृषी केंद्रवाल्याला, आजार असो नसो. असा विचार कधी डोकावलाच, तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या मनात, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात.

आता ‘बंद करू का?’ आत्ता नको. झटके नुकते थांबलेत. पूर्ण बरं वाटायला लागल्यापासून साधारण सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवतात. लवकर सोडणाऱ्यांत आजार परतण्याचं प्रमाण जास्त असतं. बंद करायची वेळ येईल तेव्हा एस्सिटालोप्राम १० वरून ५, काही आठवड्यांनी २.५, मग शून्य, अशी उतरंड लागते आणि शेवटच्या पायऱ्या सगळ्यांत जड जातात, तिथे घाई करायची नाही. ‘एक दिवसाआड घ्या’ असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका. ३० तासांचा हिशेब आठवा, एका दिवसाच्या खाड्यात मात्रा निम्म्याच्या खाली येते आणि मेंदू रोज वर-खाली होतो. रोज घ्यायची, कमी घ्यायची. रेघ असलेली १० ची गोळी सरळ अर्धी होते. एखाद्या दिवशी विसरलात आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्या. दोन एकदम नाही.

गोळीने झटके थांबतात, रस्त्याची भीती मात्र उरते. धुळ्याला जायचं टाळत असाल तर आधी गावच्या फाट्यापर्यंत, मग पारोळ्यापर्यंत, असं एकट्याने मोटारसायकलवर जाऊन या. धडधड सुरू झाली तर गाडी बाजूला घ्या, श्वास आत चार मोजेपर्यंत आणि बाहेर सहा मोजेपर्यंत सोडा, ती ओसरेपर्यंत तिथेच थांबा. लगेच मागे फिरलात तर मेंदू ‘रस्ता धोक्याचा’ एवढंच शिकतो. दुकानात गिऱ्हाइकांबरोबर होणारे सात-आठ कट चहा दोनवर आणा, धडधडीला चहा हातभार लावतो.

डॉक्टरांकडे जाताना एका पिशवीत तुमच्या दोन्ही पट्ट्या, अ‍ॅसिडिटीची आणि दुखण्याची घेत असाल त्या गोळ्या आणि फेब्रुवारीचा ईसीजी घ्या. एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा : क्लोनाझेपाम कधी आणि कसं उतरवायचं, संबंधाच्या त्रासासाठी डोस कमी करायचा की औषध बदलायचं, अ‍ॅसिडिटीला कोणती गोळी चालेल, आणि पुढची भेट कधी. संकोचाची ओळ तोंडाने बोलवत नसेल तर चिठ्ठीच पुढे सरकवा, डॉक्टर वाचतील. आईच्या सोडियमचा रिपोर्ट आणि तिच्या बीपीच्या गोळीची पट्टीही त्याच पिशवीत टाका.